बडोद्याचा उन्हाळा काढलाय म्हणून वाळवंटातली वाट सोपी होत नाही

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आपल्या बडोद्याच्या काका-काकूंसाठी एक मेसेज सध्या ग्रूपमागून ग्रूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: यूटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कात लाल खडकांतून डेलिकेट आर्च या नैसर्गिक दगडी कमानीला जाणारी वाट सोपी आहे, जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर. ४३ अंश सोसणाऱ्या बडोदेकराला तिथलं ऊन काय करणार? हवा कोरडी, घाम येत नाही, म्हणजे एक बाटली पाणी पुरे. आणि रंग बघायचा तर भर दुपारीच जावं.

जागा खरंच डोळे निववणारी आहे, जरूर बघा. पण या सल्ल्यावर विसंबून साठीपुढच्या कुणालाही त्या वाटेवर पाठवू नका.

अंतराचा आकडा बरोबर आहे, ४.८ किलोमीटर. 'सोपी' मात्र चूक. पार्क स्वतः ही वाट अवघड वाटांमध्ये धरतं. पाचशे-सहाशे फुटांचा चढ आहे आणि त्यातला मोठा टप्पा उघड्याबोडक्या, उतरत्या खडकावरून जातो. तिथे पायवाट अशी दिसतच नाही, रचून ठेवलेल्या दगडांच्या खुणांवरून पुढे सरकायचं. कमान दिसायच्या आधी कड्याच्या अंगाने सुमारे दोनशे यार्डांची चिंचोळी पट्टी आहे. वाटेत सावली जवळपास नाहीच. पावागडला रोपवेने जाणाऱ्यांनी हे आधी कळून निघावं.

आता बडोद्याच्या उन्हाची सवय. हा मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणूनच तो जास्त घातक आहे. मे महिन्यात दुपारी एक वाजता आपण करतो काय? पडदे ओढून, पंखा किंवा एसी लावून घरात बसतो. दांडिया बाजारातली वर्दळसुद्धा दुपारी ओसरते. म्हणजे आपली सवय उन्हात चालण्याची नाही, ऊन टाळण्याची आहे. तिथेही उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या पुढे जातो, तापलेला खडक खालून भाजतो, आणि पार्क समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे ऊन आणखी कडक लागतं.

पाण्याचं तर पूर्ण उलटं आहे. घाम येतोच, भरपूर येतो. हवा इतकी कोरडी की अंगावर ओल दिसायच्या आत तो उडून जातो. सदरा कोरडा राहतो आणि काखेत, पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटतात. जुलैत बडोद्यात अंग चिकचिकतं म्हणून आपल्याला पाण्याची आठवण होते. तिथे ती खूण मिळत नाही. त्यात वय वाढलं की तहान कमी जाणवते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणखी घटतं. अशांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावंच. या वाटेसाठी माणशी किमान २ लिटर पाणी धरा, वाटेवर ते मिळत नाही. सोबत काहीतरी खारट ठेवा. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं.

भर दुपारचं कारण तर मुळातच खोटं. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर आहे, त्याचा हा लाल रंग. ऊन डोक्यावर असताना तो फिकटतो. सूर्य खाली आला, किरण तिरपे पडले की खडक पेटल्यासारखे दिसतात. डेलिकेट आर्चला गर्दी होते ती सूर्यास्ताला, ती याचसाठी. मात्र परतताना अंधार होतो, बॅटरी हवीच.

मेसेजात शेवटी 'मधूनच वाळूतून शॉर्टकट मारा' असंही आहे. कृपा करून मारू नका. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, करपलेल्या भाकरीसारखी दिसणारी माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव, शेवाळ, दगडफूल यांनी वाळू तिथे बांधून धरलेली असते. एका पावलाने ती मोडते आणि भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

आई-बाबांना लाल खडक दाखवायचेच असतील तर त्याच पार्कात खरोखर सोप्या वाटा आहेत. डबल आर्च जाऊन-येऊन साधारण एक किलोमीटर. बॅलन्स्ड रॉकची फेरी अर्ध्या किलोमीटरची. सँड ड्यून आर्च उंच भिंतींच्या मधोमध असल्याने तिथे सावलीही मिळते. सकाळी लवकर निघा, दहाच्या आत गाडीत परत या. आणि डेलिकेट आर्च लांबूनच बघायची असेल तर गाडी लावून शंभरेक पावलांवर तिचा व्ह्यूपॉइंट आहे.