मेसच्या पाटीवर हसणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या कुठल्यातरी 'घरगुती मेस'च्या पाटीचा फोटो टाकायचा आणि इंग्रजीत मेस म्हणजे पसारा, म्हणून वर 'घरगुती पसारा, हाहाहा' लिहायचं, हा जोक दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी नव्याने शोधल्यासारखा फिरवतं. हसा बापडे. पण त्या पाटीवरची मेस तुमच्या पसाऱ्यापेक्षा पाचेकशे वर्षांनी थोरली आहे एवढं ध्यानात असू द्या.

मुळात लॅटिन धातू मित्तेरे, म्हणजे पाठवणं. मिशन, मिसाइल, मेसेज ही सगळी त्याच घरातली. त्यातलाच मिसुस म्हणजे मुदपाकखान्यातून पंगतीकडे पाठवलेला पदार्थ, तो जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या आसपास इंग्रजीत आला तेव्हा मेसचा अर्थ सरळ 'वाढलेलं अन्न' एवढाच होता. मग एकत्र जेवायला बसणारी मंडळी म्हणजे मेस, बहुतेकदा चौघं. लंडनला बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा पुरायची नाही, ठरलेली डिनरं पण खावी लागायची, आणि तिथे चौघांच्या गटाला अजून मेसच म्हणतात. गांधीजींनी आत्मकथेत याची गंमत सांगितलीय, चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या, हे पीत नसत, त्यामुळे चौथा म्हणून यांना भलतीच मागणी, बाकी तिघांची चंगळ! जहाजावर पण तेच, तोफांच्या मधे टेबल टांगून सहा-आठ खलाशी जेवायचे ती त्यांची मेस. लष्कराची मेस तर गोऱ्या साहेबाबरोबर आपल्याकडे आलीच.

मग पसारा कुठून आला? तर अठराव्या शतकात जनावरांपुढे ठेवायच्या कालवलेल्या खाण्याला मेस म्हणायला लागले, त्यावरून कसलाही गिचका म्हणजे मेस, आणि एकोणिसाव्या शतकात गोंधळ, घाण, खोलीभर पसरलेले कपडे, सगळंच. म्हणजे नंतर चिकटलेला अर्थ तो आणि आपण हसतोय पहिल्या अर्थाला.

बरं, 'ऑफिसर्स मेस' वाचून 'अधिकाऱ्यांचा पसारा' म्हणत कुणी दात काढत नाही, तिथे एकदम अदब. पेठेतल्या काकूंनी दोन खोल्यांत चालवली की मात्र इंग्रजी कच्चं! ही व्युत्पत्ती नाही हो, हा नुसता माज आहे.

त्या मेसचं स्वतःचं शास्त्र असतं. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद, सलग तीन दिवस गावी गेलात तर खाडा धरणार, एका दिवसाचा मागितलात तर काकू ऐकूच आलं नाही असं दाखवून आमटी ढवळत राहणार. हसायचंच असेल तर 'अमर्यादित थाळी'च्या खाली बारीक अक्षरात 'पोळ्या चारच' लिहिलेलं असतं ना, त्याला हसा, मी पण येतो.