धडगावकडच्या सरांना उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

नमस्कार सर,

परवा तुमची कमेंट वाचली, रात्री परत वाचली, आणि खरं सांगते, डिलीटच करणार होते. नवऱ्याने हातातून फोन काढून घेतला म्हणून राहिली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 2019 च्या पावसाळ्यात कंबोडियात सिएम रीपजवळच्या एका गावात मी दहा आठवडे इंग्रजी शिकवलं, त्या निरोपाचा माझा रडका लेख वाचून सरांनी लिहिलंय की ते अकरा वर्षं नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहेत, पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात आणि पुस्तक मराठीत, त्यासाठी त्यांनी स्वतः दोन वह्या भरून शब्दांची यादी केलीय, तिकडे फिरकायला कुणाला वेळ नाही पण विमानाने कंबोडियाला जायला आहे. सर पुढे म्हणतात, दहा आठवड्यांत इंग्रजी येत नाही, नुसता लळा लागतो, तो लावायचा, निघायचं आणि वर फोटो टाकायचे. शेवटी, "परत येईन म्हणालात ना, मग गेलात का?"

धडगावचं कबूल. मला कुणी बोलावलं नाही असं लिहिणार होते, पण कंबोडियातही कुणी पायघड्या घालून बोलावलं नव्हतं, अंगकोरची जुनी देवळं बघायची होती आणि नोकरीचा वीट आला होता, खरं कारण एवढंच. फक्त एक, मी अनाथाश्रमात गेले नव्हते. तिथे आई-बाप जिवंत असलेली पोरंसुद्धा संस्थेत ठेवली जायची कारण ती बघायला परदेशी लोक यायचे आणि पैसे द्यायचे, आणि मुलं म्हणजे बघायची ठिकाणं नव्हेत अशी मोहीम 2011 पासून त्याच देशात चालू झाली. आमचा वर्ग तिथल्याच एका मास्तरांच्या घराखाली भरायचा. घर खांबांवर, खाली फळा, बाजूला झोपाळा आणि कोंबड्या. सरकारी शाळा अर्ध्या दिवसाची, त्यामुळे पोरं संध्याकाळी मोकळीच असायची.

इंग्रजीच कशाला, हे मीही त्या मास्तरांना विचारलं होतं. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, 1975 ते 79, शाळा बंद आणि शिकलेली माणसं मारली गेली, पुढे ऐंशीच्या दशकात इंग्रजी शिकायचं तर चोरून, आणि मग 1992 ला युनोची माणसं आली तेव्हा ज्याला मोडकंतोडकं येत होतं त्याला लगेच काम मिळालं. मास्तर म्हणाले, ज्याला येतं तो हॉटेलात जातो, ज्याला येत नाही तो थायलंडला मजुरीला.

आता तुमचं दहा आठवडेवालं वाक्य. व्याकरण नाही आलं, मान्य. त्यांच्या भाषेत क्रियापद बदलतच नाही, काल गेलो आणि उद्या जाणार दोन्हीला तेच, त्यामुळे 'वेन्ट' म्हणजे त्यांना माझी हौस वाटायची. शब्दाच्या शेवटचा स गायब, हाऊसचं हाऊ. पण मज्जा उलट्या बाजूने आली, मी त्यांच्याकडून शिकले ते. शाळेला 'साला', भाषेला 'फिआसा', बाई म्हणून मला 'नेअक क्रू', त्यातला क्रू म्हणजे आपला गुरू. महिने तर राशींवरून! मार्च मिना, एप्रिल मेसा, ऑगस्ट सेहा म्हणजे सिंह, ऑक्टोबर तोला. मी फळ्यावर मराठीत राशी लिहिल्या आणि पोरं एकेक ओरडत सुटली, तो अख्खा तास इंग्रजीचा नव्हताच आणि माझा सगळ्यात चांगला तास तोच. (तुमच्या पावरी यादीबद्दल वाचून मला हाच दिवस आठवला.)

आणि निरोप. लेखात मी लिहिलं की पोरं रडली, मी रडले, तिखटमीठ लावलेल्या कैऱ्यांची पिशवी दिली, वगैरे. एक गोष्ट लिहिली नव्हती. शेवटचे दोन आठवडे मी 'विल' शिकवत होते, आय विल गो, आय विल कम. आपण मराठीत घरातून निघताना 'जाते' म्हणतो का, 'येते' म्हणतो, ते तोंडात इतकं बसलंय की शेवटच्या दिवशी मी तेच इंग्रजीत बोलले, आय विल कम. मागच्या बाकावरचा एक पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा, त्याने सरळ विचारलं, "वेन?" मीच शिकवलेला प्रश्न. मी म्हटलं नेक्स्ट इयर, जुलै. त्याने वहीत लिहून घेतलं. कक्कडा 2020, म्हणजे कर्क.

2020 मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितेय, त्यामुळे मला आयती सबब मिळाली आणि ती मी दोन वर्षं वापरली. नंतर सबब नव्हती. घर, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, तिकीट, हे सगळं खरंय आणि तरीही सबबच. मी ज्या विमानतळावरून निघाले तोसुद्धा 2023 मध्ये बंद होऊन नवा लांब बांधला गेला, मी मात्र इथेच.

तुमच्या कमेंटमधली एक गोष्ट पटली नाही ती सांगते. निघून जाणं हाच गुन्हा असता तर तुमची बदली हाही गुन्हा झाला असता, गाव वेशीपर्यंत येतं, पोरं बॅग सोडत नाहीत, असले व्हिडिओ आपण सगळेच बघतो. पण तुमच्या जागी ऑर्डर निघून कुणीतरी येतं, निदान यायला हवं असा नियम तरी असतो. माझ्या जागी कोण, हे मी मास्तरांना निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, मीच की, तुमच्या आधीही मीच होतो. हे लेखात का नाही लिहिलं विचाराल तर, लिहिलं असतं तर मी एवढी मोठी दिसले नसते.

ज्या फोटोंत मुलांचे चेहरे दिसत होते ते काल काढून टाकलेत. तुमची कमेंट तशीच राहील.

धडगावला येते असं खाली टाइप केलं होतं, खोडलं. तुमच्या त्या दोन वह्या कॉम्प्युटरवर उतरवून हव्या असतील तर पानांचे फोटो पाठवा, टायपिंग मला इथे बसून करता येतं, रोज रात्री तासभर. अक्षर फार वाईट नसेल तर बरं.