चौथ्या क्लिकला ग्राहक पळतो, हे ठरवलं कोणी?

व्यवसायाची वेबसाइट सुधारायची म्हटलं की एक सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो: "कुठलीही माहिती तीन क्लिकांत मिळाली पाहिजे, नाहीतर ग्राहक गेला. म्हणून सगळे दुवे मेन्यूत आणा, फॉर्म एकाच पानावर उरका आणि क्लिक मोजत राहा." ऐकायला पटतं, पण तपासल्यावर टिकत नाही.

आधी तिसऱ्या क्लिकचं बघू. २००३ मध्ये जोशुआ पोर्टर यांनी 'यूजर इंटरफेस इंजिनिअरिंग' या संस्थेसाठी हा नियम तपासला. ४४ जणांनी ६२० कामं करून पाहिली. तिसऱ्या क्लिकनंतर लोक भराभर गळाले, असं काही दिसलं नाही. काही जण तर पंचवीस क्लिकांपर्यंत नेटाने शोधत राहिले. क्लिक वाढले म्हणून नाराजी वाढली, असंही आढळलं नाही.

मग माणूस वैतागतो कशाने? पुढचा दुवा आपल्याला हवं तिथे नेईल की नाही, हे कळेनासं झालं की. झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' (PARC) या संशोधन प्रयोगशाळेत पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी नव्वदच्या दशकात नेमकं हेच मांडलं: जनावर वासावरून भक्ष्याचा माग काढतं, तसे आपण दुव्याच्या शब्दांवरून माहितीचा माग काढतो. 'सोल्यूशन्स' या दुव्यामागे काय दडलंय, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. 'वस्तू परत कशी करायची' असं लिहिलं असेल, तर पाचवा क्लिकही कोणी बिनतक्रार करेल.

सगळं मेन्यूत कोंबण्याबद्दल फार बोलायला नको. क्लिक वाचतात, पण मोबाइलच्या पडद्यावर पन्नास दुवे वाचत बसावं लागतं.

फॉर्मची गोष्ट वेगळी. पानं कमी करणं आणि रकाने कमी करणं, यांत लोक नेहमी गल्लत करतात. अनावश्यक रकाने जरूर काढा. पण उरलेले एकाच लांबलचक पानावर लादले, की तळाशी 'सबमिट' दाबल्यावर वर कुठेतरी लाल चूक निघते आणि ती शोधत फिरावं लागतं. ब्रिटन सरकारच्या ऑनलाइन सेवांसाठीची सूचना याच्या उलट आहे: सुरुवात एका पानावर एकच गोष्ट ठेवून करा. क्लिक वाढतात, पण चूक जिथल्या तिथे कळते.

तीन क्लिकवाल्यांचं एक म्हणणं मात्र खरं: रोज तेच काम करणाऱ्याला जवळची वाट हवीच. आणि पान रखडत उघडत असेल, तर एक क्लिकही जड जातो. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे. बहुतेक ठिकाणी दुखणं इथेच असतं, जड फोटोंत आणि पानभर पसरणाऱ्या पॉपअपमध्ये.

राहता राहिलं मोजणं. मोजायचंच तर लोक कोणत्या पानावरून लगेच मागे फिरतात ते मोजा, आणि साइटच्या सर्चमध्ये काय टाइप करतात ते वाचा. तिथले शब्द आणि तुमच्या मेन्यूतले शब्द जुळत नसतील, तर आधी मेन्यूतले बदला.