"पट्टे दोनदा तपासत टाइमपास केला" या रिव्ह्यूला पॅराग्लायडिंगवाल्या मालकाचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचा दिवस खराब झाला त्याबद्दल सॉरी. वर टेक-ऑफच्या जागी पाऊण तास थांबावं लागलं, पहिला टेक-ऑफ फसला, गुडघे मळले, पायलट ओरडला, सगळं खरं आहे, नाकारत नाही. पण "पायलटला स्वतःवरच भरवसा नाही, तेच तेच बकल दोनदा चेक करतो" हे जे लिहिलंय ना, ते लागलं हो.

पहिल्या वेळी चेक पूर्ण झालं होतं. हेल्मेट, दोन्ही लेग स्ट्रॅप, चेस्ट बकल, कॅराबिनर (पट्टे वरच्या छत्रीला, म्हणजे विंगला, जोडणारे हुक) लॉक, रिझर्व्ह पॅराशूटची पिन जागेवर, लाइन्स (विंगच्या दोऱ्या) मोकळ्या. मग वारा फिरला म्हणून थांबलो, आणि तेवढ्यात सेल्फीसाठी खिशातला फोन निघेना म्हणून तुम्ही डावा लेग स्ट्रॅप सोडलात. सोडला तर सोडला, पण सांगितलं नाहीत सर. पायलटने परत हात लावून बघितलं तेव्हा कळलं. लेग स्ट्रॅप उघडे राहिले तर माणूस उडाल्यावर सीटवर बसत नाही, हार्नेसमधून (पट्ट्यांच्या सीटमधून) खाली सरकतो आणि काखेत लटकतो. वर्षानुवर्षं उडणारे पायलटसुद्धा या एका विसरण्यापायी गेलेत. म्हणून आमच्याकडे एक बकल जरी उघडलं तरी चेक पहिल्यापासून, मग मागे रांग असो नाहीतर कोणी घड्याळ बघत असो.

आणि "वारा तर चांगला होता, उगाच थांबवलं" म्हणताय, तर वारा होता पण पाठीमागून होता, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक उलटा फिरलेला. टँडम (पायलट आणि पॅसेंजर दोघांच्या) विंगला दोघांना उचलायला हवेतून ताशी साधारण 25 किलोमीटरचा वेग लागतो. समोरून 15 चा वारा असेल तर आपण 10 ने पळालो तरी झालं. तोच मागून 5 चा असेल तर 30 ने पळायचं, तेही दोघं एकत्र बांधलेले, उतारावर. कोण पळणार? मी तर नाही.

पहिल्या टेक-ऑफचं बोलायचं नव्हतं पण तुम्ही व्हिडिओच टाकलाय. विंग डोक्यावर सरळ आली होती, दोन पावलं टाकली आणि तुम्ही सीटवर बसलात. ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं, पाय हवेत गेले तरी पळत राहायचं, बसा म्हटल्यावरच बसायचं. पॅसेंजर आधीच बसला की सगळं वजन पायलटच्या पायांवर येतं आणि वेग मरतो. त्याने लगेच ब्रेक खेचून विंग पाडली, कड यायच्या आत. गुडघे तेव्हाच मळले. "पळा पळा" ओरडला ते हेल्मेट आणि वाऱ्यात ऐकू जावं म्हणून, तरी सूर चुकला असेल तर त्याच्या वतीने माफी मागतो. दुसऱ्या वेळी तुम्ही मस्त पळालात, तो व्हिडिओ का नाही टाकला?

फ्लाइट 12 मिनिटांचीच झाली कारण तोवर थर्मल, म्हणजे वर उचलणारे गरम हवेचे झोत, संपले होते, ते आमच्या हातात नाही.

कालपासून दोन जणांनी तुमचाच रिव्ह्यू दाखवून विचारलं की तुमचे पायलट नवीन आहेत का. नवीन नाहीत सर. रोज दुसऱ्याचा जीव पुढ्यात बांधून उडतात, म्हणून एवढं लिहिलं.

बाकी थांबायच्या जागी सावलीचं बघतोय, आणि ब्रीफिंगमध्ये फोनचा मुद्दा आधी घेऊ. परत या, मी स्वतः वर असेन. फोन तेवढा आधीच बाहेर काढून ठेवा, पट्टे मात्र दोनदाच चेक होणार.