एक पौंड, आठ विजेतेपदे आणि गंगावेशीचा दूध कट्टा

युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि बहुधा साडेआठच्या आत संपते, त्यामुळे जेवण उरकून कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जमायला आम्हांला पुरेसा वेळ मिळतो. समोर म्हशीची धार काढून फेसाळलेला पेला हातात आला, की शर्यतीपेक्षा शर्यतीवरचा वाद अधिक रंगतो. मागच्या रविवारी मर्सिडीजने 2014 ते 2021 अशी सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद कोणाच्या जोरावर मिळवले, हा प्रश्न निघाला आणि शेवटचा पेला धुऊन होईपर्यंत तो मिटला नाही. बोलणे अर्थातच अस्सल कोल्हापुरी भाषेत झाले. ते मी इथे बरेचसे सावरून लिहितो आहे.

सुरुवात पैलवानाने केली. तारुण्यात त्याने लाल मातीत बरीच वर्षे काढली आहेत आणि जगातल्या प्रत्येक स्पर्धेकडे तो आखाड्यातूनच पाहतो. त्याच्या मते ती आठ वर्षे मर्सिडीजचा चालक लुईस हॅमिल्टन याची होती आणि बाकीचे सगळे त्याच्या जोर-बैठका मोजणारे होते. याला पुरावा म्हणून त्याने 15 नोव्हेंबर 2020 ची तुर्कस्तानची शर्यत काढली. ओल्या, निसरड्या रस्त्यावर सहाव्या जागेवरून सुटलेला हॅमिल्टन अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला आणि त्याच दिवशी त्याचे सातवे विश्वविजेतेपद पक्के झाले; तशीच गाडी हाती असलेला वाल्टेरी बोटास मात्र पुन्हा पुन्हा गरकन फिरत चौदावा आला. “गाडी एकच, मग एक पहिला आणि एक चौदावा कसा?” असे विचारून पैलवानाने मांडीवर थाप मारली.

मास्तर निवृत्त गणितशिक्षक आहेत आणि उत्तर आधी मनात तपासल्याशिवाय बोलत नाहीत. ते म्हणाले की, त्या शर्यतीनंतर बरोबर तीन आठवड्यांनी, 6 डिसेंबरला, बहरीनच्या साखीरला काय झाले तेही सांगावे. हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून ऐनवेळी त्याच्या गाडीत जॉर्ज रसेलला बसवले. तोवर विल्यम्स संघाकडून जवळजवळ दोन हंगाम धावूनही त्याच्या नावावर एक गुण नव्हता. या गाडीत बसताच तो पात्रता फेरीत बोटासच्या मागे अवघ्या 26 सहस्रांश सेकंदांवर आला आणि शर्यत सुटताच पुढे गेला. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, त्याच्या गाडीला चुकून बोटासचे टायर बसवले गेले आणि पुढे एक टायर पंक्चर झाला, म्हणून तो नववा आला, नाहीतर जिंकलाच असता. “म्हणजे शून्य गुणांचा माणूस गाडी बदलताच पहिल्या नंबरावर गेला. यात गाडीचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे तूच मांड,” असे मास्तर म्हणाले. तीन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन शर्यती पुरून उरणार नाहीत असा वाद मी आजवर पाहिलेला नाही. ज्याला जी हवी ती तो उचलतो.

एवढा वेळ गप्प असलेला आमचा फौंड्रीवाला आता पुढे सरसावला. तो शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या कारखान्यात आहे आणि इंजिन हा विषय निघाला की त्याला आवरणे कठीण असते. 2014 मध्ये नियम बदलले, 2.4 लिटरच्या व्ही-8 इंजिनाच्या जागी 1.6 लिटरचे व्ही-6 टर्बो हायब्रिड इंजिन आले आणि पूर्ण शर्यतीला फक्त 100 किलो इंधन मिळू लागले. कमी इंधनातून जास्त ताकद काढील तो राजा, असा तो मामला होता. मर्सिडीजने ती कशी काढली हे दाखवण्यासाठी त्याने दोन रिकामे पेले कट्ट्यावर वीतभर अंतरावर आडवे ठेवले आणि त्यांच्यामध्ये खिशातले पेन टेकवले.

मागचा पेला म्हणजे टर्बाइन. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर त्याला फिरवतो. पुढचा पेला म्हणजे कॉम्प्रेसर. तो त्याच दांडीवर फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. नेहमीच्या टर्बोत हे दोन्ही एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे टर्बाइनची धग कॉम्प्रेसरला लागते, दाबलेली हवा आणखी तापते आणि तिला थंड करायला मोठा कूलर लागतो. मर्सिडीजच्या ब्रिक्सवर्थच्या इंजिन कारखान्यात अँडी कॉवेल यांच्या हाताखालच्या मंडळींनी कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला नेला, टर्बाइन मागच्या टोकाला ठेवले आणि दोघांना जोडणारी दांडी इंजिनाच्या व्ही आकाराच्या खोबणीतून आरपार काढली. त्याच दांडीवर एक विजेची मोटर बसवली; चालकाने ॲक्सिलरेटर सोडला तरी ती टर्बो फिरता ठेवते आणि धूर जास्त असेल तेव्हा त्यातूनच वीज बनवते. हवा कमी तापल्यामुळे कूलर लहान झाले, कूलर लहान झाल्यामुळे गाडीच्या कुशी आत घेता आल्या आणि गाडी वाऱ्याला अधिक सहज कापू लागली.

“या मोटरला नियमाने मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांची मुभा होती,” तो पेन बोटाने गोल फिरवत म्हणाला. “एवढी लांब दांडी त्या वेगाला केसाएवढीही वाकलेली चालत नाही. आमच्याकडे साच्यातला कोअर, म्हणजे पोकळी राखणारा गाभा, जागचा जरा हलला, की भिंत एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ होते आणि अख्खे कास्टिंग परत भट्टीत जाते. ही आठ वर्षे त्या दांडीची होती, हॅमिल्टनची नव्हे.”

मास्तरांनी याही हिशेबातली चूक काढली. 2014 साली तेच इंजिन विल्यम्स, मॅकलारेन आणि आपल्या सहारा फोर्स इंडियालाही मिळत होते. त्या वर्षीच्या 19 शर्यतींपैकी 16 मर्सिडीजने जिंकल्या आणि उरलेल्या तिन्ही रेड बुलच्या डॅनियल रिकार्डोने. रेड बुलचे इंजिन तर रेनोचे होते. मर्सिडीजचे इंजिन विकत घेणाऱ्या तिघांच्या वाट्याला एकही विजय आला नाही. फौंड्रीवाल्याने क्षणभर विचार केला आणि एक गोष्ट मान्य केली: गाडी बनवणारा ब्रॅकलीचा कारखाना आणि इंजिन बनवणारा ब्रिक्सवर्थचा कारखाना एकाच मालकाचे आणि मोटारीने तासाभराच्या आतले असल्यामुळे, इंजिनाची मापे ठरत असतानाच गाडीची आखणीही त्यांच्याशी जुळवून घेता आली, गिऱ्हाईक संघांना तयार वस्तू हाती घेऊन तिच्याभोवती गाडी बांधावी लागली. शिवाय हंगाम सुरू झाल्यावर इंजिनात मोठे बदल करायला त्या वर्षी बंदीच होती, त्यामुळे मागे पडलेल्यांना वर्षभर मागेच राहणे भाग होते.

वकिलाला हे सगळे फार तांत्रिक वाटत होते. त्याच्या मते उत्तर एका शब्दाचे होते: पैसा. हा युक्तिवाद फार वेळ टिकला नाही. टोयोटाने 2002 ते 2009 अशी आठ वर्षे मुबलक पैसा ओतला आणि एकही शर्यत जिंकली नाही, एवढे सांगितल्यावर त्याने दुसरा पेला मागवला.

आता माझे म्हणणे. मला या गोष्टीची खरी सुरुवात 2014 मध्ये नव्हे, तर 2008 मध्ये दिसते. ब्रॅकलीचा हा संघ मूळचा टायरेल. त्याचा बीएआर झाला, मग होंडा झाला. 2008 साली होंडाची गाडी इतकी वाईट होती, की संघ 14 गुणांसह नववा आला. पण त्याच वर्षी संघप्रमुख रॉस ब्रॉन यांनी चालू हंगामावर पाणी सोडले आणि सगळी माणसे 2009 च्या नव्या नियमांच्या गाडीवर लावली. डिसेंबरमध्ये होंडाने मंदीचे कारण देऊन खेळातून अंग काढून घेतले आणि ब्रॉन यांनी तो संघ नाममात्र एका पौंडाला घेतला. होंडाच्या इंजिनासाठी आखलेल्या गाडीत घाईने मर्सिडीजचे इंजिन बसवले गेले. गाडीच्या मागच्या बाजूला, तळाशी, दोन मजली डिफ्यूझर होता, म्हणजे खालची हवा बाहेर काढून गाडीला रस्त्याला चिकटवून ठेवणारा भाग. त्याचे दोन मजले ही नियमाच्या शब्दांतून सापडलेली फट होती आणि इतर बहुतेक संघांना ती दिसलीच नव्हती. संघाचा चालक जेन्सन बटन याने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. पुढे इतरांनी तशीच युक्ती केली आणि बटनला त्या हंगामात परत विजय मिळाला नाही, पण तोवर गुणांचा गल्ला भरला होता. त्या वर्षाची दोन्ही विजेतेपदे, चालकाचे आणि संघाचे, एका पौंडाच्या संघाने नेली आणि वर्ष संपण्याआधी मर्सिडीजच्या मालक कंपनीने तो विकत घेतला.

पुढची चार वर्षे लोक मर्सिडीजला हसत होते. मायकेल शूमाकर निवृत्तीतून परत आला, तरी पहिला विजय मिळायला 2012 ची चीनची शर्यत उजाडावी लागली आणि तोही निको रोझबर्गने मिळवला. त्याच वर्षी हॅमिल्टनने मॅकलारेन सोडून इकडे येण्याचे ठरवले, तेव्हा त्याला वेडा ठरवणारे पुष्कळ होते. मला वाटते, मर्सिडीजशी जोडलेले माजी विश्वविजेते निकी लाउडा आणि ब्रॉन यांनी त्याच्यापुढे 2014 चे चित्र मांडले असणार, कारण ब्रिक्सवर्थमध्ये त्या इंजिनाचे काम तेव्हा जोरात होते. दोन्ही वेळा हा संघ हरत असताना पुढच्या नियमाच्या तयारीला लागला होता, आणि माझ्या दृष्टीने सगळे रहस्य तिथेच आहे.

पैलवानाला हे पटले, पण त्याने ते लगेच आपल्या खात्यावर जमा करून टाकले. चांगला वस्ताद आपला पठ्ठा गावोगावच्या जत्रांत उधळत नाही, मोठ्या मैदानासाठी राखून ठेवतो; आणि चांगला पैलवान असा वस्ताद ओळखून तालीम बदलतो, हॅमिल्टनने तेच केले, असे तो म्हणाला.

मधल्या वर्षांबद्दल मला एकच प्रसंग सांगावासा वाटला, कारण संघप्रमुख टोटो वुल्फ यांची कारभाराची पद्धत त्यात दिसते. 2018 ला ऑस्ट्रियात सेफ्टी कारसारखी, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करायला लावणारी, बंधने लागली असताना इतर आघाडीच्या गाड्या टायर बदलायला पिटमध्ये गेल्या आणि मर्सिडीजने हॅमिल्टनला बाहेरच ठेवले. विजय हातचा जाणार हे दिसताच डावपेच ठरवणारे जेम्स व्हाउल्स यांनी शर्यत चालू असतानाच, साऱ्या जगाला ऐकू जाणाऱ्या रेडिओवर, चूक माझी आहे असे हॅमिल्टनला सांगितले. यावर फौंड्रीवाला बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “आमच्याकडे रिजेक्शन वाढले की पहिली मीटिंग वाळू कोणाची आणि दुसरी शिफ्ट कोणाची, यावरच संपते.”

हॅमिल्टनच्या हातून विश्वविजेतेपद निसटले त्या 2021 च्या अबू धाबीच्या शेवटच्या फेरीवर आमच्यात आजवर तीन वेळा भांडण झाले आहे, म्हणून तो विषय वकिलानेच उठून बंद केला. पण मास्तरांनी माझ्यासाठी एक प्रश्न राखून ठेवला होता. हरतानाची तयारी हेच रहस्य असेल, तर 2022 चे नियमही दोन वर्षांहून अधिक काळ आधी ठाऊक होते. मग त्या वर्षी मर्सिडीजची गाडी सरळ रस्त्यावर टांग्यासारखी उसळत का होती आणि हंगामात ब्राझीलचा एकच विजय, तोही रसेलचा, पदरी का पडला?

मला नीट उत्तर देता आले नाही. 2021 चा हंगाम शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजावा लागला म्हणावे, तर रेड बुललाही तो तितकाच झुंजावा लागला होता. वाऱ्याच्या बोगद्यात आणि संगणकावर ती उसळी दिसलीच नाही, एवढेच मी म्हणू शकलो. फौंड्रीवाला हसला. “संगणकावर आमचेही प्रत्येक कास्टिंग पहिल्या नंबरचे येते,” तो म्हणाला. “ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या हवेची भोके, दिसतात ती मशीनिंगला गेल्यावर.”

निघता निघता वकिलाने 2024 चे काय, असे विचारले आणि विझत आलेला वाद पुन्हा पेटला. त्या वर्षी संघांचे विजेतेपद मॅकलारेनने मर्सिडीजचेच इंजिन वापरून मिळवले आणि स्वतः मर्सिडीज चौथी आली. फौंड्रीवाल्याने टाळी दिली की बघा, शेवटी इंजिनच. मास्तर म्हणाले की मालकच चौथा येतो याचा अर्थ इंजिन नव्हे. आणि पैलवान म्हणाला की हॅमिल्टन तिथून निघायला बसला होता, त्याचे मन लागत नव्हते. 2025 ला फेरारीत गेल्यावर त्याने एकही ग्रां प्री जिंकली नाही, ही आठवण त्याला कोणीही करून दिली नाही. तेवढ्यात दूधवाल्याने येऊन कॉम्प्रेसर आणि टर्बाइन उचलले, बादलीतल्या पाण्यात खळबळले आणि पेन फौंड्रीवाल्याच्या हातात दिले.