कडी आतून असावी

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त दादाने मागच्या महिन्यात मला फिनलंडला पाठवले. मनोरुग्णालयातून उपचार संपवून बाहेर पडलेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या पाच स्त्रियांसाठी एका संस्थेने दुसऱ्या मजल्यावरची सदनिका भाड्याने मागितली होती आणि सभेने एकमताने नकार दिला होता. ‘संबंधित व्यक्ती पूर्ण बऱ्या झाल्यावर विचार करता येईल,’ अशी नोंद आहे. त्याखाली दादाने स्वतःचे म्हणणे जोडले होते: तुमच्याकडे कुटुंबे मोडलेली, म्हणून असली घरे लागतात, आपल्याकडे माणसाला माणूस आहे.

‘पूर्ण बऱ्या झाल्यावर’ हे शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. इथे हेलसिंकीतही वर्षानुवर्षे बेघरांना हेच म्हटले जात होते. आधी दारू सोडा, औषधे वेळेवर घ्या, निवाऱ्यातली शिस्त पाळून दाखवा, मग घर मिळेल. आणि बहुतेक माणसे त्या पायऱ्यांवरूनच परत खाली येत. 2008 साली सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम आखून हा क्रम उलटा केला: आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार, मग बाकीची मदत. आल्पिकातू रस्त्यावरच्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या निवाऱ्यात 250 खाटा होत्या. 2012 पर्यंत त्याच इमारतीत 80 स्वतंत्र घरे झाली. शहरात 2008 मध्ये निवाऱ्यांच्या 558 खाटा होत्या, 2016 मध्ये 52 उरल्या.

मी ज्या वास्तुरचना कार्यालयात काम करते, तिथे अशाच एका इमारतीचे नूतनीकरण आमच्याकडे आले होते. मारहाण, बेघरपणा किंवा कोंडून ठेवणे सोसलेल्या माणसाचे शरीर खोलीत शिरताच बाहेर पडायची वाट शोधते, हे मी त्या कामात शिकले. म्हणून सामायिक बैठकीला दोन दारे ठेवली, म्हणजे एका दारात कोणी उभे राहिले तरी माणूस अडकत नाही. बाकांच्या पाठीशी भिंत दिली, कारण मागून कोणी येईल या भीतीत घोटभर कॉफीही धड पिता येत नाही. लांब, सरळ, रुग्णालयासारखी मार्गिका तोडून तिच्या टोकाला खिडकी दिली. दारे आपटू नयेत म्हणून बिजागऱ्यांवर आम्ही जितका वेळ घालवला, तितका मी दुसऱ्या कुठल्याही कामात घालवलेला नाही. कर्मचाऱ्यांच्या टेबलापुढची काच काढली. प्रत्येक घराला आतून लागणारे कुलूप आणि दारावर राहणाऱ्याचे आडनाव, जसे माझ्या दारावर आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. त्या माणसावर काय गुदरले असेल, याचा विचार मात्र आधी करावा लागतो.

दादा म्हणेल, ही श्रीमंत देशाची चैन. पण आपला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम 19 मध्ये सांगतो की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. ‘द बॅनियन’ या चेन्नईच्या संस्थेने 2015 पासून तामिळनाडूत साध्या वस्त्यांमध्ये साधी घरे भाड्याने घेऊन चार-पाच जणींचे संसार मांडून दिले आहेत. तिथे शेजारी आहेत, बाजारहाट आहे, स्वयंपाकावरून वादही होत असतील. आमच्या सोसायटीकडे मागितले होते ते एवढेच.

राहिले ‘माणसाला माणूस’. दादाने हे लिहिताना मावशीला आठवले नसेल असे मला वाटत नाही. नवऱ्याच्या मारातून सुटून ती सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात आली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती रात्री उठून जिन्यात बसायची, म्हणून मागच्या खोलीत तिची व्यवस्था केली आणि त्या दाराला बाहेरून कडी बसवली. तिला वेळेवर जेवण मिळाले, औषध मिळाले, सणाला नवे लुगडे मिळाले. तिला कोणी टाकले नाही, हे मी आजही ठामपणे सांगेन. पण ती कडी रात्री लावायचे काम माझ्याकडे होते आणि मी ते सहा वर्षे केले.

इथेही सारे आलबेल नाही. 2024 मध्ये फिनलंडमधली बेघरांची संख्या बऱ्याच वर्षांनी वाढली, आणि स्वतःचे घर मिळूनही एकटी पडलेली माणसे मी पाहिली आहेत. चौदा वर्षांत माझ्या जिन्यातल्या शेजारणीशी मी मे महिन्यातल्या तालकोखेरीज, म्हणजे सगळ्या रहिवाशांनी मिळून करायच्या साफसफाईखेरीज, सलग दहा मिनिटे बोललेली नाही, आणि नोव्हेंबरच्या अंधारात मला वाड्यातल्या आवाजांची फार आठवण येते. तरीही रात्री कुलूप मी लावते, सकाळी मीच उघडते.

सभेची सूचना मलाही आली होती, कारण बाबांनंतर वाड्याच्या जागेवर झालेल्या या सोसायटीतल्या आमच्या सदनिकेला दादाबरोबर माझे नाव लागले आहे. लांबून बोलायचा आपल्याला काय अधिकार, असे म्हणून मी गप्प बसले. आता सेक्रेटरींना पत्र पाठवले आहे आणि विषय पुन्हा सभेपुढे ठेवावा अशी विनंती केली आहे. दादाला त्याची प्रत पाठवली. मावशी रोज रात्री विचारायची, ‘आज कडी मी लावू का गं?’ हेही मी त्याला लिहिले. तो शेजारच्याच खोलीत अभ्यास करत असायचा.