घरी गंज काढणं ही फसवणूक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही स्वतः गॅरेज चालवता, तेही रत्नागिरीत, म्हणून तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. जुन्या मारुती ८००च्या रंगाला आलेले फुगे घरी कसे काढायचे यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की फुगा दिसतो तेव्हा पत्रा आतून गेलेला असतो, घासून पुट्टी थापली तर दुसऱ्या पावसाळ्यात गंज पुन्हा वर येतो, आणि असली दुरुस्ती म्हणजे रीपासिंगला (आरटीओत जुन्या गाडीची फेरतपासणी होते तिथे) किंवा गिऱ्हाइकाला चकवण्याची सोय. पहिल्या दोन मुद्द्यांत बरंच तथ्य आहे. तिसरा मला अजिबात मान्य नाही.

फुगा कुठे आलाय ते आधी बघावं लागतं. बॉनेटच्या कडेला खडा लागून टवका उडाला आणि तिथून पाणी शिरलं, तर गंज बाहेरून आत चाललेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंग उचलतो. खालचा पत्रा मात्र बहुतेक वेळा शाबूत असतो. दाराच्या खालच्या कडेचं तसं नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी रबरापाशी थोडंफार दारात उतरतंच. ते निघून जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती माती-पाचोळ्याने बुजली की पाणी आत साचतं, आणि किनाऱ्यावर त्यात हवेतल्या मिठाची भर पडते. तिथला पत्रा आतून सडत येतो, रंग फुगतो तो सगळ्यात शेवटी. इथे तुमचं निदान अचूक आहे.

म्हणूनच पॉलिश पेपरच्या आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या, असं मी लिहिलं होतं. फुग्याचा पापुद्रा खरवडायचा आणि चकचकीत पत्रा दिसेपर्यंत भोवतालचा रंग मागे न्यायचा. वर रुपयाएवढा दिसणारा डाग खाली बऱ्याचदा तळहाताएवढा निघतो. मग टोकाने जोर देऊन दाबायचं. पत्रा कडक लागला, नुसते तपकिरी खड्डे असले, तर काम घरी होतं. टोक आत गेलं किंवा पत्रा कुरकुरून दबला, तर घरचं काम तिथे संपलं. भोकावर जाळी लावून पुट्टी भरायला माझाही तुमच्याइतकाच विरोध आहे. दाराखालची सिल (उंबऱ्यासारखा पोकळ पत्रा), जॅक लावायची जागा, सीटबेल्टचे नट, सस्पेन्शन धरणारे भाग, इथे गंज दिसला की गाडी सरळ गॅरेजला न्यावी. ८००ला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच भार पेलते. सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच तिथे उपाय, आणि ते काम तुमचं.

आता दुसऱ्या पावसाळ्याबद्दल. गंज परत येतो तो पुट्टीखाली काय राहिलं त्यावर. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहिले की तिथूनच तो पुन्हा चालू होतो. ८० नंबरच्या पेपरने आणि तारेच्या ब्रशने निघेल तेवढं काढून, उरलेल्या ठिपक्यांपुरतंच रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा टिकाऊ काळा थर करणारं रसायन, लावावं. ते पातळ थरावर काम करतं. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर फासलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज तसाच राहतो. दुसरं कारण पाणी. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि आपल्याकडे सर्रास वॉटर पेपर ओला करूनच ती घासतात. ते पाणी प्रायमरखाली अडकतं, काही महिन्यांत बारीक फुगे येतात आणि दोष मात्र पत्र्याला दिला जातो. पुट्टी कोरडीच घासा, मास्क लावून, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. हे काम जुलैत काढूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढा. हार्डनर घालून फवारायचा टू-के रंग मात्र घरी नको. त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही.

राहिला फसवणुकीचा आरोप. ज्याला चकवायचं आहे तो गंज काढायच्या भानगडीत पडत नाही, थेट वरून रंग मारतो. जुनी गाडी घेणाऱ्याने फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात गुंडाळून चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या तळाशी फिरवावं. जाड पुट्टीवर ते धरत नाही. मी ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना गाडी विकायची नाही. ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं, तरी अनेक घरांत ती अजून रोज बाजारात जाते. अशा मालकाने एक छोटा डाग दाखवला की ‘पूर्ण साइड करून घ्या’ हेच उत्तर मिळतं, तेवढे पैसे नसतात, म्हणून तो डाग तसाच सोडतो आणि तीन वर्षांनी तिथे बोट जाईल एवढं भोक पडलेलं असतं. तेच वेळेवर घरी खरवडून, प्रायमर मारून, दाराची भोकं तारेने मोकळी करून आतून मेणाचा फवारा मारला असता, तर पत्रा कापायची वेळच आली नसती.

तुम्हाला एक विचारायचं आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचं आवरण जळतं आणि बंद सिलमध्ये ब्रश जात नाही. तिथे नंतर तुम्ही काय लावता, आणि कुठून? इथेच लिहिलंत तर मी ते मूळ लेखात जोडेन.